बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने : मायग्रेन आणि इतर आजारांवरील उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट्युलिनम टॉक्सिन बहुतेकांना बोटॉक्स या नावाने आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांच्या संदर्भात माहीत असते. वैद्यकात मात्र ते सुरकुत्यांच्या कितीतरी आधी, डोळ्यांच्या विकारांवरचे औषध म्हणून आले. या पानावर केवळ आजारांवरील उपचारांचा विचार केला आहे आणि त्यातही मायग्रेनच्या प्रतिबंधाला जास्त जागा दिली आहे, कारण सर्वाधिक शंका आणि सर्वाधिक गैरसमज तिथेच आढळतात. येथील माहिती डॉक्टरांशी बोलण्यापूर्वीची तयारी म्हणून वाचावी. इंजेक्शन द्यायचे की नाही आणि किती द्यायचे हे प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरते.

हे विष आहे असे म्हणतात. मग ते औषध कसे ठरते?

ते विषच आहे, आणि ज्ञात विषांपैकी सर्वांत तीव्र विषांमध्ये त्याची गणना होते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी, उदाहरणार्थ नीट न उकळलेल्या डबाबंद अन्नात, वाढताना ते तयार करतो. असे अन्न पोटात गेले तर बोट्युलिझम हा आजार होऊन पापण्या, घसा, हातपाय आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. औषध म्हणून वापरताना हेच प्रथिन शुद्ध करून अतिसूक्ष्म मात्रेत आणि नेमक्या स्नायूत किंवा ग्रंथीत टोचले जाते. लुळेपणा आणणारा तोच गुणधर्म एखाद्या अतिताठर स्नायूपुरता आणि ठरावीक काळापुरता मर्यादित ठेवला की तो उपचार होतो. म्हणूनच या औषधाच्या बाबतीत मात्रेइतकेच महत्त्व जागेला आहे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल.

शरीरात नेमके काय घडते?

स्नायूला आकुंचन पावण्याचा संदेश चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत पोहोचतो. हे रसायन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते आणि त्या पिशव्या चेतातंतूच्या आवरणाला जोडल्या गेल्यावरच ते बाहेर पडते. या जोडणीसाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी एक टॉक्सिन कापून टाकते. ए प्रकारचे टॉक्सिन स्नॅप-२५ नावाचे प्रथिन कापते, तर बी प्रकारचे सिनॅप्टोब्रेव्हिन हे दुसरे प्रथिन कापते. संदेश थांबतो आणि स्नायू सैल पडतो. घाम व लाळ यांच्या ग्रंथींनाही अ‍ॅसिटिलकोलीनमार्फतच संदेश मिळत असल्याने तिथेही हे औषध चालते. चेतातंतू मरत नाही. काही आठवड्यांनी तो नवे फाटे काढून आणि पुढे मूळ टोक पूर्ववत करून संदेश पुन्हा सुरू करतो. उपचाराचा परिणाम तात्पुरता असतो तो यामुळे, आणि चुकीच्या जागी झालेला परिणामही कालांतराने ओसरतो तो याच कारणाने.

याचा उपचारासाठी वापर केव्हापासून होतो?

कल्पना जुनी आहे. जर्मन वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या सुमारास दूषित मांसाच्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले आणि हे विष अत्यल्प प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल असा अंदाजही मांडला. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीनंतरच्या जेवणातून विषबाधा झाली, आणि त्या प्रकरणाच्या तपासात एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी कारणीभूत जिवाणू शोधून काढला. प्रत्यक्ष औषध घडवण्याचे श्रेय सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांच्याकडे जाते. तिरळेपणासाठी शस्त्रक्रियेला पर्याय शोधताना त्यांनी हे टॉक्सिन आधी माकडांवर आणि नंतर रुग्णांवर वापरले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांचे आचके यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांसाठीची तिथली मान्यता २००२ मधली आहे.

सध्या कोणकोणत्या आजारांत ते दिले जाते?

यादी मोठी आहे, आणि तिच्यातील सर्व उपयोगांमागचा पुरावा सारखा भक्कम नाही. पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार, चेहऱ्याच्या एका बाजूचे आचके, मान एका बाजूला वळवणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आवळले जाण्याचा विकार), पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सीनंतरचा स्नायूंचा ताठरपणा, काखेतील अतिघाम, मूत्राशयाची अतिक्रियाशीलता, सतत लाळ गळणे आणि जुनाट मायग्रेन यांसाठी ते अनेक देशांत अधिकृतपणे मान्य आहे. स्वरयंत्राच्या डिस्टोनियामुळे तुटक, घुसमटलेला होणारा आवाज, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल न होणे आणि गुदद्वाराची बरी न होणारी चीर यांत तज्ज्ञ ते वापरतात, परंतु तो वापर पुष्कळदा औषधाच्या अधिकृत मान्यतेबाहेरचा असतो. त्यात गैर काही नाही. मात्र रुग्णाला ते आधी सांगितले गेले पाहिजे.

मायग्रेन असलेल्या प्रत्येकाला ही इंजेक्शने घेता येतात का?

नाही. ती फक्त जुनाट मायग्रेनसाठी आहेत, आणि येथे जुनाट या शब्दाचा अर्थ केवळ अनेक वर्षांपासून असलेले दुखणे असा होत नाही. सलग तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून किमान १५ दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान आठ दिवस दुखण्याचे स्वरूप मायग्रेनचे असेल, म्हणजे ठणका, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणे अशी लक्षणे असतील, तरच ते जुनाट मायग्रेन मानले जाते. महिन्यातून सहा-सात वेळाच, पण भयंकर डोके दुखणाऱ्या व्यक्तीला वीस वर्षांपासून मायग्रेन असले तरी ती या व्याख्येत बसत नाही.

ही अट तांत्रिक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. कमी दिवस डोके दुखणाऱ्या मायग्रेनमध्ये आणि ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत झालेल्या चाचण्यांतून या इंजेक्शनांचा खोट्या इंजेक्शनांपेक्षा खात्रीलायक अधिक फायदा दिसलेला नाही. १२ ते १७ वर्षे वयोगटातील जुनाट मायग्रेनच्या चाचणीतही फायदा सिद्ध झाला नाही, म्हणून ही मान्यता प्रौढांपुरतीच आहे.

माझे डोके महिन्यातून किती दिवस दुखते हे मला नेमके सांगता येत नाही. मग?

मग डोकेदुखीची नोंदवही आधी सुरू करावी. बहुतेक जण जोराच्या दुखण्याचे दिवस लक्षात ठेवतात आणि हलके, मागे रेंगाळणारे दुखणे मोजतच नाहीत. त्यामुळे डॉक्टरांना आठ दिवस सांगितले जातात आणि प्रत्यक्षात ते अठरा निघतात. कोणत्या दिवशी दुखले, किती तीव्र होते, कोणती गोळी घेतली एवढेच तीन रकाने पुरेत. वहीतल्या तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मायग्रेनचा झटका थांबवण्यासाठीच्या ट्रिप्टान वर्गातील गोळ्या १० किंवा अधिक दिवस घेतल्या जात असतील, तर गोळ्यांच्या अतिवापरामुळेच डोकेदुखी टिकून राहण्याची शक्यता असते. अशा रुग्णांनाही इंजेक्शनांचा उपयोग होऊ शकतो, पण गोळ्या आटोक्यात आणण्याचे काम त्यामुळे टळत नाही.

स्नायू सैल करणारे औषध डोकेदुखीवर कसे चालते?

पूर्वी समज असा होता की कपाळाचे आणि मानेचे स्नायू सैल पडल्याने आराम मिळतो. आजचे स्पष्टीकरण वेगळे आहे. चेहऱ्याची व डोक्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेच्या टोकांतून सीजीआरपी, सबस्टन्स पी आणि ग्लुटामेट ही वेदना वाढवणारी रसायने बाहेर पडतात. टॉक्सिन त्यांच्या उत्सर्जनालाही आळा घालते आणि वेदना ओळखणारे काही ग्राहक (रिसेप्टर) चेतातंतूच्या पृष्ठभागावर पोहोचू देत नाही. टोकाकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा मारा कमी झाला की सतत उत्तेजित राहिलेली मेंदूतील वेदनाव्यवस्था हळूहळू शांत होते. म्हणूनच हा उपचार झटका थांबवणारा नसून प्रतिबंधाचा आहे; डोके दुखायला लागल्यावर इंजेक्शन घेऊन त्या दिवशीचे दुखणे थांबत नाही.

इंजेक्शने कुठे आणि किती देतात?

जुनाट मायग्रेनसाठी ठरलेल्या पद्धतीत ३१ जागी मिळून १५५ युनिट दिले जातात. प्रत्येक जागी ५ युनिट, म्हणजे केवळ ०.१ मिलिलिटर द्रव जातो. भुवयांच्या मधे तीन, कपाळावर चार, दोन्ही कानशिलांवर मिळून आठ, डोक्याच्या मागच्या बाजूला सहा, मानेच्या वरच्या भागात चार आणि खांद्यांच्या वरच्या स्नायूंत सहा अशी ही विभागणी आहे. दुखणे एखाद्या बाजूला ठळक असेल तर डॉक्टर तिथे आणखी काही जागा घेऊन एकूण मात्रा १९५ युनिटपर्यंत नेऊ शकतात.

या जागा मन मानेल तशा बदलण्यासारख्या नाहीत. कपाळावर सुई खूप खाली गेली तर भुवया किंवा पापणी उतरते. मानेत ती खूप खाली किंवा खोल गेली तर मान धरून ठेवणे जड होते, आणि सडपातळ मानेच्या व्यक्तींत हा त्रास अधिक जाणवतो. भुवया आधीपासूनच उतरलेल्या असतील किंवा मान अगोदरच दुखत असेल तर ते इंजेक्शनापूर्वी सांगावे. सुरकुत्यांसाठी दिलेली कपाळावरची काही इंजेक्शने म्हणजे मायग्रेनचा उपचार झाला असे समजू नये. जागा, मात्रा आणि उद्देश तिन्ही वेगळे आहेत.

खूप दुखते का? भूल द्यावी लागते का?

सुई अतिशय बारीक असते आणि भूल लागत नाही. टोचल्याची व किंचित जळजळीची जाणीव होते, कपाळावर ती थोडी जास्त असते. पूर्ण प्रक्रिया साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपते आणि त्याच दिवशी घरी जाता येते.

फरक केव्हा पडतो, आणि किती अपेक्षा ठेवावी?

काहींना दुसऱ्या आठवड्यापासून फरक जाणवतो, काहींना पहिल्या फेरीत काहीच वाटत नाही आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीनंतर सुधारणा दिसते. फेऱ्या १२ आठवड्यांच्या अंतराने होतात. त्यामुळे एका फेरीवरून उपचार फसला असे ठरवणे घाईचे ठरते.

अपेक्षेविषयी आकडे स्पष्टपणे पाहणे बरे. २०१० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत या उपयोगाला मान्यता मिळाली ती प्रीएम्प्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन चाचण्यांच्या आधारे. त्यांत मिळून १,३८४ रुग्ण होते आणि सुरुवातीला त्यांचे डोके महिन्यातून सुमारे वीस दिवस दुखत असे. २४ आठवड्यांनंतर टॉक्सिन मिळालेल्या गटात हे दिवस सरासरी ८.४ ने कमी झाले, तर नुसते सलाईन टोचलेल्या गटातही ते ६.६ ने कमी झाले. दोन गटांतील फरक सरासरीने दोन दिवसांहून कमी आहे. टीकाकार या आकड्यावर बोट ठेवतात आणि ते चुकीचे नाहीत. मात्र सरासरीच्या आड काही रुग्णांना मिळालेला मोठा दिलासा आणि काहींना मुळीच न मिळालेला फायदा असे दोन्ही लपलेले असते. दिवस कमी न होताही दुखण्याची तीव्रता, गोळ्यांची गरज आणि अंथरुणात काढावे लागणारे तास कमी झाल्याचे अनेक जण सांगतात, आणि जीवनमानाच्या मोजमापातही त्या चाचण्यांत टॉक्सिनचा गट पुढे होता. थोडक्यात, डोकेदुखी नाहीशी होईल या आशेने आलेल्यांची निराशा होते आणि महिन्यातले काही दिवस मोकळे मिळावेत एवढ्या अपेक्षेने आलेल्यांना ती पुष्कळदा पूर्ण झालेली दिसते.

आधी गोळ्या घेऊन पाहाव्या लागतात का?

बहुधा होय. प्रोप्रॅनोलोल, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन यांसारखी तोंडाने घेण्याची प्रतिबंधक औषधे स्वस्त आहेत आणि अनेकांना पुरतातही. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार किमान तीन प्रतिबंधक औषधांचा उपयोग न झाल्यावर आणि गोळ्यांच्या अतिवापरावर योग्य उपाय केल्यावरच ही इंजेक्शने सुचवली जातात. दुसरीकडे, गोळ्यांमुळे येणारी सुस्ती, वजनातील बदल किंवा शब्द न आठवणे असे त्रास इंजेक्शनांत होत नाहीत, कारण औषध सहसा रक्तातून सर्वत्र फिरत नाही. हा त्यांचा खरा फायदा आहे. २०१८ पासून सीजीआरपीला रोखणारी प्रतिपिंडे हाही पर्याय उपलब्ध झाला आहे, आणि काही रुग्णांत तज्ज्ञ दोन्ही एकत्र देतात.

ही इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात का?

तसा नियम नाही. नाइसच्या मार्गदर्शनात दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनीही कमी झाले नाहीत तर उपचार थांबवावा असे आहे, आणि सलग तीन महिने डोकेदुखी महिन्यातून १५ दिवसांपेक्षा कमी राहिली तरी थांबवून पाहावे असे म्हटले आहे. थांबवल्यावर काहींची डोकेदुखी परत वाढते, तेव्हा पुन्हा सुरू करता येते. काही जणांना दहाव्या-अकराव्या आठवड्यापासूनच परिणाम ओसरल्याचे जाणवते. तरीही बारा आठवड्यांच्या आत पुढची फेरी घेण्याचा आग्रह धरू नये.

कोणते दुष्परिणाम होतात?

मायग्रेनच्या उपचारात मानदुखी सर्वाधिक आढळते. चाचण्यांत सुमारे नऊ टक्के रुग्णांना ती झाली. टोचलेल्या जागी दुखणे किंवा रक्त साकळणे, एक-दोन दिवस डोके अधिक दुखणे, भुवया असमान दिसणे आणि क्वचित पापणी उतरणे हेही होते. पापणी उतरल्यास ती काही आठवड्यांत पूर्ववत होते आणि तोपर्यंत अप्राक्लोनिडिनचे थेंब काहींना मदत करतात.

इतर आजारांतील दुष्परिणाम जागेनुसार बदलतात. डिस्टोनियासाठी मानेच्या पुढच्या बाजूला इंजेक्शन दिल्यास गिळताना अडखळू शकते, आणि काखेतल्या इंजेक्शनाने ते होण्याची शक्यता नगण्य असते.

विष शरीरभर पसरण्याचा धोका किती?

धोका दुर्मीळ आहे, पण तो नाकारण्यासारखा नाही. टोचलेल्या जागेपासून दूर अशक्तपणा, आवाज बसणे, दुहेरी दिसणे, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास अशी लक्षणे काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत केव्हाही उद्भवू शकतात, आणि २००९ पासून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर याचा ठळक इशारा छापला जातो. ताठरपणासाठी मोठ्या मात्रेत औषध दिलेल्या मुलांत ही शक्यता अधिक असते. गिळणे किंवा श्वास यांत बदल जाणवताच पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे.

कोणी ही इंजेक्शने टाळावीत?

टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असेल किंवा या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती देत नाहीत. मायस्थेनिया ग्रेव्हिस, लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम, एएलएस यांसारख्या चेता-स्नायूंच्या आजारांत अल्प मात्राही जड जाऊ शकते. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात सहसा टाळतात. जेंटामायसिन, अमिकासिन या वर्गातील प्रतिजैविके टॉक्सिनचा परिणाम वाढवू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर इंजेक्शन अशक्य होत नाही, पण डॉक्टरांना आधी माहीत असावे.

मूत्राशयासाठी ते कसे देतात?

गोळ्यांनी न आवरणारी लघवीची घाई आणि अनावर गळती यांसाठी दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत वीसेक जागी मिळून १०० युनिट टोचतात. मज्जारज्जूच्या इजेमुळे किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे त्रास असेल तर मात्रा २०० युनिट असते. परिणाम सहसा सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकतो. येथे निर्णयापूर्वी एका गोष्टीची मानसिक तयारी लागते: मूत्राशय गरजेपेक्षा जास्त सैल पडला तर लघवी पूर्ण उतरत नाही आणि काही काळ स्वतःच्या हाताने कॅथेटर घालून ती काढावी लागते. ज्यांना हे करणे शक्य नाही किंवा मान्य नाही त्यांना हा उपचार सुचवत नाहीत. लघवीचा संसर्ग असताना इंजेक्शन देत नाहीत, आणि नंतर संसर्ग होण्याचे प्रमाणही थोडे वाढते.

पक्षाघातानंतर हाताची मूठ उघडत नाही. इंजेक्शनाने हात पूर्ववत चालेल का?

टॉक्सिन ताठरपणा कमी करते; गेलेली ताकद परत आणत नाही. मूठ सैल झाल्याने तळहात स्वच्छ ठेवणे, कपडे घालणे, स्प्लिंट बसवणे सोपे होते आणि वेदना कमी होतात. सैलपणाच्या त्या तीन महिन्यांत फिजिओथेरपी झाली तरच काही हालचाल कमावता येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, टाचा उचलून चालणाऱ्या मुलांतही हेच सूत्र आहे. स्नायू किंवा कंडरा कायमच्या आखडल्या असतील तर मात्र इंजेक्शनाचा उपयोग होत नाही.

अतिघाम आणि लाळ यांवर परिणाम किती टिकतो?

काखेत प्रत्येकी ५० युनिट दिल्यावर घाम साधारण सहा-सात महिने कमी राहतो. कोणत्या भागात घाम जास्त येतो हे आयोडीन व स्टार्च लावून आधी पाहता येते. तळहातावरही ते चालते, पण तिथे टोचणे फार दुखते आणि पकड काही काळ कमजोर होऊ शकते. लाळेसाठी गालातील आणि जबड्याखालील ग्रंथींत इंजेक्शन देतात. परिणाम तीन-चार महिने राहतो.

वेगवेगळ्या कंपन्यांची औषधे अदलाबदल करून चालतात का?

चालत नाहीत. बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन आणि बी प्रकारचे मायोब्लॉक यांच्या युनिटांची मोजदाद आपापल्या चाचणीनुसार होते. एकाचे १०० युनिट म्हणजे दुसऱ्याचे १०० युनिट असे समीकरण नाही. कोणते औषध आणि किती दिले हे प्रत्येक भेटीत लिहून घ्यावे. यांपैकी बहुतेक औषधे शीतसाखळीत ठेवावी लागतात आणि बनावट कुप्यांमुळे विषबाधा झाल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत, म्हणून कुपीवरील नाव व मुदत पाहायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

इंजेक्शनानंतर काय पाळावे?

त्या दिवशी टोचलेल्या जागा चोळू नयेत, मालिश टाळावी आणि जोरदार व्यायाम दुसऱ्या दिवसावर ढकलावा. चार तास आडवे होऊ नका असा सल्लाही दिला जातो. त्यामागे ठोस पुरावा फारसा नाही, पण तो पाळण्यात तोटाही नाही. डोकेदुखीची नोंदवही मात्र चालूच ठेवावी.

आधी गुण येत होता, आता येत नाही. असे का होते?

शरीराने टॉक्सिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असण्याची शक्यता असते, पण मायग्रेनच्या मात्रेत ते फार क्वचित घडते. मोठ्या मात्रा कमी अंतराने घेतल्यास शक्यता वाढते; बारा आठवड्यांचे अंतर राखण्यामागे हेही एक कारण आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गोळ्यांचा वाढलेला वापर, बिघडलेली झोप, बदललेली मात्रा किंवा जागा यांपैकी काहीतरी सापडते, म्हणून तपास तिथून सुरू करावा.

मायग्रेनसाठी एका डॉक्टरांकडे आणि मूत्राशयासाठी दुसऱ्यांकडे इंजेक्शने घेतली तर चालेल का?

चालू शकते, पण दोघांनाही एकमेकांची माहिती हवी. बोटॉक्सच्या बाबतीत प्रौढांसाठी सर्व कारणांची मिळून तीन महिन्यांतील एकूण मात्रा ४०० युनिटांच्या वर जाऊ नये, आणि त्या हिशेबात सुरकुत्यांसाठी घेतलेली इंजेक्शनेही धरावी लागतात. ती बहुतेक जण डॉक्टरांना सांगायचे विसरतात.